कुल्फीच्या पेटीत रक्त

मित्रांनो, मी एक जुनी कुल्फीची पेटी आहे. सध्या पंचवटीतल्या एका पोटमाळ्यावर, एका कुकरशेजारी पडून असते. शिटी गेली तरी त्या कुकरचा तोरा गेलेला नाही, म्हणून आमचं बोलणं बंद आहे.

एक्क्याण्णव साली भद्रकालीतल्या एका पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून घडवलं. बाहेर पत्रा, आत थर्माकोल, पोटात बर्फ. मालकीण वत्सलाबाई, गाडी ढकलायला त्यांचा मुलगा गोटीराम. रामकुंडाजवळ गिऱ्हाईक म्हणायचं, पेटी गार आणि मालकीण गरम. माझं कौतुक झालं ते एवढंच.

गोटीरामची बायको आशा ही त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. म्हणजे वत्सलाबाई तिची सासूही आणि आत्याही. हे ध्यानात ठेवा. वत्सलाबाईंच्या ते ध्यानात राहत नसे.

आशाची मुलगी तृप्ती पहिलीत गेली आणि तिच्या दोन्ही गालांवर लाल चट्टा उठला. मग ताप, तोंडात फोड, सुजलेली बोटं. गल्लीने परस्पर निकाल लावला की हे लागण होणारं आहे. गिऱ्हाईक पलीकडच्या बाजूने जाऊ लागलं. शाळेतल्या बाईंनी तिला वेगळं बसवलं, तेही नेमकं उन्हात. ऊन लागलं की चट्टा आणखीच पेटायचा.

डॉक्टर म्हणाले, हा ल्युपस, तो लागत नाही. अंगाची राखण करणारी फौज अंगावरच उलटते. पण एवढ्या लहान मुलीला झाला म्हणजे रक्तात झाडलोट करणारं एक द्रव्य जन्मापासूनच नसावं. तपासणी मुंबईला होईल. रक्ताची नळी बर्फातच न्यायची, गरम झाली की फुकट.

बर्फ म्हणजे मी. माझी छाती फुगली, पण पत्र्याची असल्याने कोणाला दिसली नाही.

नेमकी त्या दिवशी साखरपुड्याची ऑर्डर होती. धंद्याच्या पेटीत रक्त नको, म्हणत वत्सलाबाईंनी नळी काढून गोटीरामच्या खिशात कोंबली. आईपुढे गोटीराम कुल्फीच्या आधी वितळायचा. साखरपुड्याला कुल्फी गार पोचली. मुंबईला रक्त कोमट पोचलं आणि फेकून दिलं गेलं. तृप्तीला पुन्हा टोचेपर्यंत तिच्या लघवीतून रक्त जाऊ लागलं होतं.

दुसऱ्या खेपेला मी गेले. ते द्रव्य रक्तात नव्हतंच.

डॉक्टरांनी समजावलं, आई आणि बाप दोघांकडून दोष आला तरच असं होतं. तृप्तीच्या धाकट्या भावाचा, दत्तूचा कान सारखा वाहतो, त्याचंही रक्त तपासा. वेळेवर कळलं तर औषधं देता येतात, दुसऱ्याचा प्लाझ्मा चढवता येतो.

मी दवाखान्याच्या दारात गाडीवरच होते. वत्सलाबाई सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा बोलल्या, "आमच्या रक्तात खोट नाही. ही घाण हिच्या माहेरची. माझ्या नातवाला सुई लावायची नाही."

आशाने आजवर त्यांच्यापुढे तोंड उघडलं नव्हतं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "आत्या, भाऊबीजेला तुम्ही ओवाळायला कुठं जाता?"

रांगेत एक म्हातारा खोकत होता. तोही थांबला.

वत्सलाबाईंनी माझं झाकण उघडलं आणि विकायची सगळी कुल्फी रस्त्यावर ओतली. पंचवटीच्या कुत्र्यांना तसा सण पुन्हा आला नाही. मग दत्तूची बाही त्यांनी स्वतःच वर केली, आणि मुंबईपर्यंत एस.टी.त मला मांडीवर घेऊन बसल्या. कंडक्टर म्हणाला, पेटी टपावर टाका. कसारा येईपर्यंत त्याच्या सात पिढ्या संपल्या.

द्रव्य दत्तूच्या रक्तातही नव्हतं. पण चट्टा उठायच्या आधी कळलं. तृप्तीची मूत्रपिंडं मात्र पुरती सावरली नाहीत. ती आता कॉलेजात जाते. वत्सलाबाईंनी माफी मागितलेली नाही. त्या उन्हात तिच्यावर छत्री धरतात आणि वाकडी चालतेस म्हणून ओरडतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून ठेवाव्यात, हे मी सांगायला हवं. ठेवा पुसून. पण मूल आजारी पडलं की आधी त्याच्या आईचं माहेर शोधू नका. बर्फ शोधा.