ताप उतरला तेव्हा

त्या वस्तीतले डास म्हणजे काय विचारता! एका डासाने म्हणे झोपलेल्या पहिलवानाला कुशीवर वळवलं, कारण दुसरं अंग चावायचं राहिलं होतं. खोटं वाटलं तर पहिलवानाला विचारा. अशा ठिकाणी दारोदार रक्त मागत हिंडणारीला लोकांनी 'डासीणबाई' नाव ठेवलं, त्यात नवल ते काय?

शहरात डेंग्यू किती पसरलाय, ते रक्त तपासून मोजायचं चाललं होतं. कित्येकांना तो नकळत होऊन जातो. माणूस विसरतो, रक्त विसरत नाही. पण सुई दिसली की दारांना कड्या लागत. म्हणून पहिल्याच गल्लीत तिने आपल्या लेकीला पुढे केलं.

"बघा मिशीवाले, ही भीत नाही!"

पोरीने हसत हात दिला. मिशा ओशाळल्या. पोरीच्या रक्ताचीही नळी इतरांबरोबर तपासायला गेली.

पुढे प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला. "अगं, तुझ्या पोरीला कधीतरी डेंग्यू होऊन गेलाय."

"छट्! ती साधी शिंकतसुद्धा नाही."

तेव्हा डासीणबाई हसली होती. पण काही दिवसांनी पोर तापाने फणफणली. तपासलं तर डेंग्यूच. मग दारोदार पोपटासारखी घोकलेली वाक्यं डासीणबाईच्याच मानगुटीवर बसली : दुसऱ्यांदा झाला तर जास्त जपा. ताप उतरताना तर डोळ्यांत तेल घालून जपा, खरा धोका तेव्हाच.

एका सकाळी सासूबाई नाचतच बाहेर आल्या. "उतरला गं! कपाळ गार लागतंय."

डासीणबाईच्या हातातलं भांडं निसटलं.

"अगं, चांगली बातमी सांगतेय, मेलं नाही कुणी!"

ती आत धावली. पोरीचे तळपाय बर्फासारखे. हिरडीवर रक्ताची बारीक रेघ. "आई, पोट दुखतंय गं."

"गाडी बोलवा."

"जगाचं रक्त काढून काढून तुझ्या डोक्यात डास शिरलेत! ताप नाही, मग दवाखाना कशाला?"

"ताप नाही म्हणूनच."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली आणि त्यांचा चेहरा पालटला. बोलता बोलता सलाईन लागलं. "वेळेवर आणलंत. पण आत्ताच काही सांगता येणार नाही. लघवी झाली, की धोका टळतोय समजायचं; लगेच मला कळवा."

मग पोरीचं रक्त पुन्हा पुन्हा काढलं गेलं. आता ती हसत नव्हती, हात मागे ओढत होती. अख्ख्या शहराला टोचणारी तिची आई भिंतीकडे तोंड करून उभी राही. सलाईनचा थेंब पडे, मग पुढचा पडेपर्यंत तिचा श्वास अडके. सासूबाई तर चक्क गप्प होत्या. त्या घरात याहून वाईट लक्षण दुसरं नव्हतं.

दिवे लागले. पोरीने डोळे किलकिले केले.

"आई... शू."

सासूबाई ताडकन उठल्या. "अहो डॉक्टरीणबाई! आमच्या नातीला शू लागली हो!" खालच्या रस्त्यावरची वाहनं थांबली म्हणतात.

भांडं धरायच्या घाईत निम्मी डासीणबाईच्याच कपड्यांवर सांडली. अंगावर अत्तर सांडावं तशी ती हसत होती आणि घळाघळा रडत होती.