राखाडी फराटा

चाकणमध्ये लग्नाचा ग्रुप फोटो म्हटलं की हर्षालीचं नाव निघायचं. साठ माणसं असली तरी साठही चेहरे स्वच्छ. पण दहा वर्षं तेच करून ती कंटाळली होती. म्हणून एका कारखान्यानं वर्धापनदिनासाठी सगळ्यांचा फोटो मागितला, तेव्हा तिनं वेगळं सुचवलं: कॅमेऱ्याचं शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवायचं. काही जण स्थिर उभे, बाकीचे चालत. चालणाऱ्यांच्या रेषा उमटतील.

एचआरचे जयदीप सर खूश झाले. "पर्मनंटवाले उभे राहतील. कंत्राटी लोकांना चालू दे."

फोटो सुरेख आला. गेटजवळ मोठा करून लावला. पॅकिंगवरच्या सारजाबाई बराच वेळ त्यासमोर उभ्या होत्या. बारा वर्षं त्या कंत्राटावरच.

"पोरी, मी कुठं हाय ह्यात?"

हर्षालीनं बोट ठेवलं. तिथं नुसता राखाडी फराटा होता. सारजाबाई आत कामावर गेल्या.

हर्षाली तडक जयदीप सरांकडे गेली. "सगळ्यांचा साधा ग्रुप फोटोही काढते. शेजारी लावा."

ते हसले. "अहो, साध्या फोटोत चेहरे दिसतात. उद्या हेच लोक तो घेऊन कोर्टात जातील, आम्ही इथलेच कामगार म्हणून. तुमचा प्रयोगच बरा."

"म्हणजे माझ्या कॅमेऱ्यानं तुम्ही माणसं खोडलीत?" तिचा आवाज चढला. "आणि मी मूर्खासारखी लाइट लावत बसले!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर तिनं गेटसमोर, सरकारी रस्त्याच्या कडेला ट्रायपॉड रोवला. सत्तावीस कंत्राटी कामगार तीन रांगांत उभे केले.

"एक सेकंद कुणी हलायचं नाही. श्वाससुद्धा नाही."

मागून कंपनीच्या बस, कंटेनर धावत होते. त्यांच्या दिव्यांच्या लांब रेषा झाल्या आणि त्यांच्यापुढे सत्तावीस चेहरे, एकही अस्पष्ट नाही. असा फोटो तिनं आजवर काढला नव्हता.

आठवड्यात तो सत्तावीस जणांच्या व्हॉट्सॲपवर डीपी झाला. जयदीप सरांचा फोन आला. "त्यांना तो डीपी काढून टाकायला सांगा. नाहीतर या पट्ट्यात तुम्हाला काम मिळणार नाही."

"चेहरे त्यांचे आहेत. हिंमत असेल तर तुम्हीच सांगा त्यांना."

तिनं फोन ठेवला. त्या कारखान्याचं काम गेलंच, आणखी दोन कंपन्यांचंही गेलं. तिचा राग मात्र अजून उतरलेला नाही.