पियूष मोटर वाइंडिंग

कन्हानच्या रुपरावला वेबसाइट कशाला हवी होती, हे उभ्या जगात दोघांनाच ठाऊक होतं. त्याला आणि त्याच्या बायकोला, रुख्मिणीला. जळालेल्या मोटरी बांधून देणाऱ्याला गिऱ्हाइकांची काय ददात? लोक मोटर खांद्यावर टाकून आपसूक येतात. रुपरावला हवा होता पियूष. सहा वर्षांपूर्वी बापानं चारचौघांत हात उचलला, म्हणून पोरगा घरातून गेला तो गेलाच. नंबरही बदलला त्यानं. पण पोरगा कॉम्प्युटरवाला. कधी एकटा बसला तर दुकानाचं नाव टाकून बघेल, बाप अजून आपल्याच नावावर पोट भरतो हे त्याला दिसेल, एवढीच म्हाताऱ्याची भाबडी आशा. दुकान 'पियूष मोटर वाइंडिंग'. पोरगा जन्मला त्याच वर्षी थाटलेलं.

नागपुरात धरमपेठेत उन्मेषचं ऑफिस. हुशार, गोडबोल्या, पण घाई नुसती अंगात भिनलेली. नव्या गिऱ्हाइकाला विचारायच्या प्रश्नांचा छापील कागद होता त्याच्याकडे. पण या दुकानदारांना काय कळतं, म्हणून उत्तरंही हाच लिहून मोकळा व्हायचा. वेबसाइटचा उद्देश? धंदा वाढवणे. झालं, संपलं! रुपराव दोनदा खाकरला. पण पोटचा पोरगा टाकून गेला हे परक्या पोरासमोर कोणत्या तोंडानं सांगायचं? दिलेला चहा प्यायला आणि उठला.

घरी येताच रुख्मिणीनं विचारलं, "सांगतलं का त्याले पियूषचं?"

पुढच्या वेळी सांगतो, असं काहीतरी तो पुटपुटला. पुढची वेळ आलीच नाही.

महिन्याभरात साइट तयार झाली. फोनवर सगळं चकाचक इंग्रजीत, खाली रुपरावचा नंबर आणि पत्ता. शिकल्या-सवरल्या माणसानं केलंय म्हणजे नीटच असणार, म्हणून रुपरावनं मान डोलावली. वर ठळक अक्षरांत होतं 'आरआर पॉवर सोल्युशन्स'. पोराच्या नावानं दुकान गल्लीतलं वाटतं, असं उन्मेषनं परस्पर ठरवून टाकलं होतं. रुपरावला इंग्रजी वाचता येतं का, हेही त्या शहाण्यानं विचारलं नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी फोन आला. "मी पियूष," एवढं ऐकलं आणि रुपरावच्या हातून तांब्याची तार सुटली. गावातल्या कुण्या मित्रानं त्याला साइट पाठवली होती म्हणे.

"माझं नाव काढून टाकलं ना, बाबा? बरं केलं. मले वाटत होतं, तुम्ही वाट पाहून राहिले असाल."

"कोणं काढलं गा? पाटी तर अजून..."

फोन कटला होता. रुपराव सांजेपर्यंत तो नंबर लावत बसला. बंद. त्या रात्री त्यानं रुख्मिणीला काहीच सांगितलं नाही. धीर झाला नाही त्याचा.

सकाळच्या पहिल्या बसनं तो धरमपेठेत हजर. आता कसली लाज? सगळं सांगितलं, अगदी उचललेल्या हातापासून. उन्मेषचं तोंड एवढंसं झालं. काका, आधी सांगायचं होतं ना, असं तो म्हणाला खरा. पण गुमान त्यानं दुकानाचं खरं नाव साइटवर घातलं. पाच मिनिटंही लागली नाहीत.

"झालं, काका. आता त्याला पुन्हा बघायला सांगा."

रुपरावनं मान वर केली.

"कोणत्या नंबरवर सांगू गा?"