दुधाची गाठ

शाहूपुरीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी कागदावर शांतव्वाच्या दोन बहिणींसाठी दोन गोल काढले आणि तिला विचारलं, "तुमच्या बहिणी कशानं गेल्या?"

"थोरली बाळंतपणात, धाकटी टायफॉईडनं," पदराशी चाळा करत ती म्हणाली.

तिचा भाऊ भरमाप्पा शेजारीच बसला होता. त्यानं कपाळाला हात लावला. "शांते, आता तरी खरं बोल की! लेकीच्या जिवावर आलंय. सायेब, दोघीबी छातीच्या गाठीनंच गेल्या."

आजाराची खूण म्हणून डॉक्टरांनी दोन्ही गोल काळे केले. पेशींच्या वाढीला लगाम घालणारं एक जनुक असतं, ते म्हणाले. तेच बिघडलेलं असलं तर गाठ होते, वाढते, पसरते. आईकडून ते लेकींना येऊ शकतं. "शिवलीलाताई, तुमच्या धाकट्या बहिणीलाही तपासून घ्या. तुम्ही मात्र वर्षभर आधी यायला हवं होतं."

शिवलीला आईकडे बघतच राहिली. गेल्या श्रावणात तिनं गाठ पहिल्यांदा दाखवली ती आव्वालाच. "दुधाची गाठ हाय, जिरंल," म्हणत आव्वानं हळदीचा लेप लावला होता. तेव्हा धाकट्या प्रेरणाचं लग्न ठरत होतं. घरात असला आजार म्हटल्यावर स्थळ हातचं गेलं असतं. म्हणून सख्ख्या आईनं केसानं गळा कापावा? शिवलीलाला तिच्या शेजारी बसवेना. निदान प्रेरणा तरी वाचायला हवी होती.

ती तडक समोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरली. मागोमाग शांतव्वा आली.

"लीला, फोन नगं. तिची सासू उचलंल."

"उचलू दे."

शिवलीलानं दार ओढून घेतलं. निपाणीहून फोन प्रेरणानंच उचलला. स्वतःचं काही न सांगता शिवलीला म्हणाली, "मावश्या गाठीनं गेल्यात. उद्याच्या उद्या छाती तपासून घे. लाजू नगंस."

पलीकडे प्रेरणानं आवाज खाली आणला.

"अक्का, माझं तपासून झालंय की. गेल्या श्रावणात आव्वानं बेळगावला नेलतं. काय न्हाय निघालं." मग प्रेरणा चाचरत म्हणाली, "तुला सांगू नगंस म्हणाली. लगीन उरकलं की अक्काला नेते म्हणाली. नेलं न्हवं?"

काचेपलीकडे शांतव्वा शिवलीलाचे रिपोर्ट हातात घेऊन उभी होती.

"व्हय, नेलं की," शिवलीला म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.