एका प्रसादाला एकच मागणं

"ख्रिस्ताचं शरीर," फादर म्हणाले.

मार्था तळहात पुढं करून नुसती उभी. मागं रांग खोळंबली. फादरांनी प्रसाद हातातच धरून तिच्याकडं पाहिलं, तेव्हा कुठं तिच्या तोंडून "आमेन" निघालं.

बाजूला सरून तिनं प्रसाद तोंडात घातला आणि बाकाशी येऊन गुडघे टेकले. आता मागायचं. प्रसाद जिभेवर विरघळेपर्यंतची वेळ आपली, असं तिची आई सांगायची, आणि एका प्रसादाला एकच मागणं. "देवाफुडं काय बाजाराची यादी वाचायची हाय व्हय?" ती म्हणायची. असा काही नियम नाही, हे फादरांनी हसून समजावलं होतं. पण आईनं लहानपणी मनात घातलेलं फादरांच्या सांगण्यानं थोडंच निघतं!

तिचं मागणं ठरलेलं होतं. जयराज, तिचा एकुलता एक. मलकापूरजवळ त्याची मोटरसायकल घसरली, डोक्याला मार लागला, आणि चांगला दांडगा पोरगा तीन वर्षं खाटेवर पडून होता. ना ओळख, ना शब्द. नवरा लालासाहेब त्याच्याजवळ थांबायचा, म्हणून चर्चला ती एकटीच यायची. निघताना तो दारापर्यंत येऊन बजावायचा, "जयासाठी माग. इसरू नगंस."

आज मात्र गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या आबेदानं तिचा हात धरला होता. तिची लेक अल्फिया बाळंतपणाला दवाखान्यात, रात्रीपासून अडलेली.

"तुज्या देवाला बी सांग गं, मार्था. माजी पोरगी वाचू दे."

मार्थानं डोळे मिटले. जयराजचं नाव घेतलं, आणि पुढं काही येईना. उठव म्हणावं? बोलता कर म्हणावं? त्या शब्दांत जीवच उरला नव्हता. अल्फियाचं मात्र आपसूक आलं. बाई मोकळी होऊ दे, लेकरू रडू दे. दुसरीच्या लेकीसाठी तिला मागता येत होतं. याची तिला लाज वाटली, रडूही आलं.

माधवनगरला घरी आली तेव्हा लालासाहेब जयराजला कुशीवर वळवून त्याच्या पाठीला पावडर लावत होता.

"मागितलंस?"

व्हय म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. ती म्हणाली, "अल्फियासाठी मागितलं. अडलीया ती."

त्याचा हात थांबला, मग पुन्हा फिरू लागला.

"बरं केलंस. एका रविवारानं काय हुतंय? मन मोठं हाय तुजं."

"मन-बिन काय न्हाई, आवं." ती खाटेच्या पायथ्याशी बसली. "जयासाठी मागवंना मला. लय ओढून बघितलं. फुडच्या रविवारी तुमी जावा. मी बसते हितं."

लालासाहेबानं पावडरीचा डबा खाली ठेवला. पोराच्या अंगावर चादर ओढली. ती नीटच होती, तरी पुन्हा ओढली.

"मी हितं का बसतो, तुला काय वाटलं?" तो म्हणाला. "माजं मागणं पैल्या वर्षीच सपलं. तू मागतीयास, त्याच्यावर दिवस काढत हुतो."

जयराज भिंतीकडं तोंड करून पडला होता. मग त्याला भरवायची वेळ झाली, म्हणून मार्था उठली.