सोबत : अर्जाची प्रत

सव्वीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही कागद बेकायदेशीर गेलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मला लगेच फासावर चढवणार नाही. नाव हरिसिंग. एका सरकारी दवाखान्यात रेकॉर्ड सांभाळतो. कोणत्या गावच्या ते सांगत नाही, तेवढी गोपनीयता माझीही असू द्या. कोणाला काय झालं, कधी झालं, कोणी आणलं, हे सगळं माझ्या कपाटात असतं आणि कपाटाची किल्ली माझ्या करगोट्याला. लोक डॉक्टरला नमस्कार करतात, मला घाबरतात.

विजयमाला आली तेव्हा तुरीचा हंगाम आटोपला होता. आसेगावहून दोन बस बदलून आली होती. ओपीडीची रांग भिंतीपर्यंत गेलेली, आणि ही बाई खिडकीशी न थांबता सरळ आत, माझ्या टेबलाशी.

"साहेब, भागवत किती डाव आला इथी? मेडशीचा भागवत. माहा भाऊ हाय तो."

भागवतला मी चांगला ओळखत होतो. अंगानं अडतीस वर्षांचा, डोक्यानं सहा. बोलता येत नाही. काही हवं असलं की उजव्या हाताचं बोट दाखवतो. चहा हवा असला तर कपाकडे, लघवीला जायचं असलं तर दाराकडे. सगळं बोलणं त्या एका बोटात. थोरला भाऊ गुलाबराव मेडशीला वांगी, मेथी, कोथिंबीर, म्हणजे आमच्याकडचा सांभार, पिकवतो आणि टेम्पोनं आमच्या बाजारात आणतो. आईबाप गेल्यावर त्यानं भागवतचं कायदेशीर पालकत्व घेतलं. त्या कागदाची प्रतही माझ्याच कपाटात आहे.

"रुग्णाची माहिती गोपनीय असते," मी म्हटलं. "रुग्णाला देतो, नाहीतर पालकाला."

"पालक तं गुलाबदादाच हाय! तोच मारते त्याले!"

मग तिनं सगळं सांगितलं. घरातल्या लग्नात तिनं भागवतला आंघोळ घातली तेव्हा पाठ पाहिली. पाठीवर जुने वळ, त्यावर नवे वळ. कोनं मारलं रे, असं विचारलं तर त्यानं मांडवात जेवायला बसलेल्या गुलाबरावाकडे बोट केलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तिकडेच. त्याला माझ्याकडे दे म्हणाली, तर गुलाबरावानं पालकत्वाचा कागद दाखवला. फुकटात क्रेट उचलणारा आणि दिवसभर पाणी देणारा माणूस कोण सोडतो? मग वकिलानं तिला सांगितलं की दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आहे, शंका आली तर कोणीही तहसीलदाराला कळवू शकतं, तहसीलदार त्याची सुटका करू शकतो. तिनं अर्ज दिला होता. तिथं विचारलं, पुरावा काय? पुरावा माझ्या कपाटात होता.

"मले कागद नका देऊ. फक्त आकडा सांगा."

आकडा मला तोंडपाठ होता. तीन वर्षांत अकरा. बांधावरून पडला, विहिरीच्या पायरीवरून पडला, एकदा तर सायकलवरून पडला. भागवतला सायकल येत नाही. मी काही आंधळा नाही. पण लिहायचं काम माझं, वाचायचं काम दुसऱ्याचं, आणि हात दाखवून अवलक्षण कोण करून घेतो?

"नाही सांगता येत, बाई."

तेव्हा तिचा आवाज चढला. "माह्या भावाचा मार कुलूप लावून ठेवला हाय तुमी! रोज त्याच्यावर बसून चहा पेता न?" रांगेतली माणसं वळून पाहू लागली. दोघं हसलेही. हे मला लागलं. आजही लागतं, खोटं कशाला सांगू.

चार दिवसांनी तहसीलमधून पत्र आलं. भागवतच्या सर्व नोंदी पाठवाव्यात. पत्राला तिच्या अर्जाची प्रत जोडलेली होती. त्यात लिहिलं होतं, "त्याला बोलता येत नाही. पण मी विचारल्यावर त्याने उजव्या हाताचे बोट गुलाबरावाकडे दाखवले. दोनदा दाखवले. साहेबांनी विचारले तर साहेबांनाही दाखवेल."

गोपनीय नोंदी दुसऱ्या कार्यालयाला देण्याबाबतच्या परिपत्रकाची झेरॉक्स माझ्या फायलीत होती. मी ती उघडली. रुग्णाच्या किंवा पालकाच्या संमतीशिवाय नोंदी देऊ नयेत, असं त्यात स्वच्छ छापलेलं. मग काय, मी गुलाबरावाला पत्र तयार केलं. आपल्या पाल्याच्या नोंदी तहसील कार्यालयाने मागितल्या आहेत, सात दिवसांत संमती कळवावी. डॉक्टरांनी न वाचता सही केली, ते माझ्या कागदावर नेहमीच तशी करतात. खाली मी ओळ टाकली, "सोबत : अर्जाची प्रत."

ती प्रत जोडायला मला कोणी सांगितलं नव्हतं. पण सहपत्राशिवाय पत्र मला उघडं वाटतं, हातच सवयीनं तिकडे जातो. आणि सांगायलाच बसलोय तर तेही सांगतो. त्या बाईनं रांगेसमोर माझी अब्रू काढली होती. आपली बहीण कुठं कुठं काय लिहीत फिरते ते भावालाही कळू दे, असं मनात आलं. आलं आणि मी टाचणी मारली.

बारनिशीच्या वहीत नोंद केली. जावक क्रमांक ४१७. लिफाफा ट्रेमध्ये ठेवला. शिपाई तीन वाजता पोस्टात जातो.

एक वाजता शुभांगी सिस्टर आली. भागवतच्या अकरापैकी आठ-नऊ जखमा तिनंच धुतल्या होत्या. डॉक्टरांकडे सहीला गेलेलं माझं पत्र तिनं पाहिलं होतं, आणि तिच्या हातात परिपत्रकाची मूळ प्रत होती.

"हरिसिंगभाऊ, मांगचं पान वाचलं का तुमी?"

मूळ कागद पाठपोट छापलेला होता. मागच्या पानावर पहिलाच शब्द होता, "परंतु". परंतु, स्वतःचे रक्षण करू न शकणाऱ्या प्रौढ व्यक्तीवर अत्याचार होत असल्याची शंका असल्यास संमतीची आवश्यकता नाही. आणि ज्याच्यावर संशय आहे त्याला याबाबत काहीही कळवू नये. झेरॉक्सवाल्याला मीच सांगितलं होतं, एकच बाजू कर, कागद वाचव.

"लिफाफा इथीच हाय न अजून," ती म्हणाली. "काढून घ्या."

"जावक नंबर पडला, सिस्टर."

"मंग खोडा तो नंबर."

"बारनिशीत खाडाखोड चालत नाही."

"भाऊ, तो तथी वावरात एकटा रायते त्याच्यासंग. रातंदिवस." तिनं हात पुढे केला. मी पंचिंग मशीन उचललं आणि लिफाफ्यावर ठेवलं. "तुम्ही तुमच्या पट्ट्या बांधा," मी म्हटलं. "कागद मला शिकवू नका."

तिचे डोळे भरले आणि ती गेली. एक ते तीन, दोन तास होते. मी त्यात डबा खाल्ला, जुन्या फायलींना लेस बांधल्या, आणि लिफाफा तिथंच आहे का ते चार-पाचदा पाहिलं. चूक झाली हे मला कळलं होतं. पण एका नर्सनं दाखवलेली चूक मान्य करायची, त्या आरडाओरडा करणाऱ्या बाईसाठी बारनिशीत रेघ मारायची, हे माझ्याच्यानं झालं नाही. तीन वाजता शिपाई लिफाफा घेऊन गेला. मला बरं वाटलं.

चौथ्या दिवशी दुपारी गुलाबराव टेम्पो घेऊन दवाखान्यात आला. मागे रिकाम्या क्रेटमध्ये भागवत बसलेला. उजवा हात टॉवेलमध्ये, टॉवेल लालभडक.

"कुट्टी मशीनीत गेलं, साहेब," गुलाबराव म्हणाला. "म्हशीले कडबा टाकून राह्यला होता. किती डाव सांगतलं, हात घालू नको. आयकतच नाई."

शुभांगीनं टॉवेल सोडला. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट मुळापासून गेलं होतं. शेजारच्या बोटाला ओरखडाही नव्हता. कुट्टी मशीनच्या केसेस मी डझनभर लिहिल्या आहेत. ते मशीन पंजा ओढतं, मनगट ओढतं. भेंडी निवडावी तसं एकच बोट निवडून घेत नाही. शुभांगीनं माझ्याकडे पाहिलं. मी केसपेपर पुढे ओढला आणि लिहिलं, "कडबा कुट्टी मशीनमध्ये बोट गेले." बारावी नोंद.

गुलाबरावानं खिशातून माझं पत्र काढून टेबलावर ठेवलं. खाली त्याची सही होती. संमती आहे.

"धाडा की सगळे कागद. लपवाचं का हाय आपल्याले?" तो म्हणाला. "तुमी कळवलं म्हनून समजलं, बाप्पा. नाईतं आमाले कोन सांगते? लय उपकार झाले." आणि त्यानं वांग्यांची पिशवी माझ्या टेबलाखाली सरकवली, वर सांभाराची जुडी.

वांगी मी घरी नेली. फेकून दिली असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

संमती मिळाली, मग काय, बाराच्या बारा नोंदी तहसीलला गेल्या. अगदी नियमानं. कुंपणच शेत खातं हे मला माहीत होतं, पण कुंपणाची लेखी परवानगी घेऊन मी शेत मोजत बसलो होतो.

दोन दिवसांनी नायब तहसीलदार स्वतः वॉर्डात आले. माणूस वाईट नव्हता. नोंदी वाचून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. विजयमालाही बस पकडून धावत आली. भागवत खाटेवर छातीपर्यंत चादर घेऊन पडलेला. शेजारी स्टुलावर गुलाबराव, भावाचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरून कुरवाळत. त्याच्या मागे फाईल घेऊन मी, आणि माझ्या बाजूला शुभांगी.

"तुम्ही जरा बाहेर थांबा," नायब तहसीलदार गुलाबरावाला म्हणाले.

"नाई साहेब," विजयमालाच म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "राहू द्या त्याले इथीच. तो समोर असला तं भागवत बरोबर दाखवीन." हाताला लागलं एवढंच तिला कळलं होतं. कुठं लागलं ते कोणी सांगितलं नव्हतं. ती खाटेवर वाकली. "भागवत, मी हाय न इथी, भ्याचं नाई. सांग साहेबाईले, कोनं मारलं रे तुले?"

भागवतला प्रश्न कळला. त्याचे डोळे तिच्याकडे पाहून हसले. चादरीखालून त्यानं उजवा हात बाहेर काढला आणि वर केला. मनगटापासून पुढे नुसता पट्टीचा गोळा.

तो हात बराच वेळ वर होता. भागवत त्या गोळ्याकडे पाही, समोर पाही, पुन्हा गोळ्याकडे पाही. मग त्यानं तो समोर ढकलला, जोर लावून, दोनदा.

"कोणाकडे?" नायब तहसीलदारांनी विचारलं.

"गुलाबदादाकडं!" विजयमाला ओरडली. "दिसत नाई का? दादाकडं!"

"मांग बाबूबी उभे हायेत," गुलाबराव शांतपणे म्हणाला. "सिस्टरबी हाय. कोनाकडं म्हनावं?"

मी बाजूला व्हायला हवं होतं. एक पाऊल सरकलो असतो तर मागे कोरी भिंत राहिली असती. मी सरकलो नाही. शुभांगी मात्र झटकन बाजूला झाली. "सायेब, तो गुलाबरावालेच दाखवून राह्यला," ती म्हणाली. नायब तहसीलदारांनी पेन उचललं, थांबले, माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगा, हरिसिंग. तुमचं काय मत?"

"मी काय सांगणार, साहेब. मी फक्त नोंदी ठेवतो."

त्यांनी लिहिलं, रुग्णाने हात वर केला, कोणाकडे निर्देश केला ते निश्चित सांगता येत नाही. सुनावणीची तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. तोपर्यंत रुग्ण पालकाच्या ताब्यात.

ते गेल्यावर विजयमाला गुलाबरावासमोर उभी राहिली. "तुले कसं समजलं रे, भागवत मले बोट दाखवते म्हनून? मी तं फक्त सायबाले लिहिलं होतं."

गुलाबरावानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. तिच्याच अर्जाची प्रत. "तूच लिहिलं न, माय. वाचून घे." वरच्या कोपऱ्यात आमच्या दवाखान्याचा गोल शिक्का आणि खाली माझं अक्षर. तिनं शिक्का वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

शनिवारी सुट्टी झाली. टेम्पोत क्रेटमध्ये बसल्यावर भागवत तो गोळा हलवून काहीतरी मागू लागला. विजयमालानं पाण्याची बाटली दाखवली, मान हलली, नाही. बिस्किटाचा पुडा दाखवला, नाही. तिनं आपली चप्पल दाखवली, पदर दाखवला, दवाखान्याचं दार दाखवलं. तो रडू लागला आणि गोळा तिच्याच दिशेनं ढकलत राहिला, तिच्या छातीकडे, तिच्याकडे. तिला ते उशिरा कळलं. तोवर टेम्पो सुरू झाला होता.

मी आत येऊन नोंद पूर्ण केली. पालकाच्या ताब्यात दिले. पालकाची सही घेतली होती, रुग्णाचा अंगठा घेतला होता. अक्षर चांगलं आलं आहे. सुनावणीला अजून महिना आहे, आणि खिडकीबाहेर टेम्पो थांबला की मी कोरा केसपेपर पुढे ओढतो.