झोक्यावर तुटलेली नस

पंचमीच्या दिवशी सारजाबाईंनी झोका उंच चढवायला घेतला, तशा लिंबाखालच्या साऱ्या बायका गाणं सोडून वर बघत राहिल्या. पन्नाशी उलटली तरी फळीवर उभी राहून ही बाई चवड्यांनी असा रेटा द्यायची की फांदी कुरकुरायची. त्या दिवशीही तसाच रेटा दिला आणि टाचेच्या वर कुणीतरी दगड हाणल्यासारखं झालं. झोका थांबताच त्यांनी खाली उभ्या असलेल्या जावेला, हरणाबाईला, चार शिव्या हासडल्या. त्या बिचारीच्या हातात लाह्यांचं ताट होतं. दगड कुणीच मारला नव्हता. सारजाबाईंनी पाय जमिनीला टेकवला, तर तो त्यांचं ऐकेना.

घरच्यांनी लचक भरली असं ठरवलं आणि आंबेहळदीचा लेप लावण्यात दोन दिवस घालवले. खरी धावपळ होती ती बातमी दाबायची. सारजाबाईंचे मालक महारुद्र म्हणजे सास्तुरातलं मानाचं माणूस. बायको या वयात झोक्यावर लंगडी झाली, हे चारचौघांत सांगायचं कसं? म्हणून सारजाबाई न्हाणीत घसरल्या असं परस्पर ठरलं. न्हाणीत घसरणं बाईला शोभतं म्हणे, झोका शोभत नाही!

तिसऱ्या दिवशी मुलगा कृष्णराज आईबापाला गाडीत घालून धाराशिवला घेऊन आला. हाडांच्या डॉक्टर शिवप्रिया यांनी सारजाबाईंना पालथं झोपवून दोन्ही पोटऱ्या दाबून पाहिल्या. चांगलं पाऊल हललं, दुसरं ढिम्म राहिलं. पोटरीला टाचेशी जोडणारी जाड नस पुरती तुटली होती. कशानं तुटली, असं डॉक्टरांनी विचारलं. कृष्णराज म्हणाला, न्हाणीत घसरली.

डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. पाऊल खाली झुकवून प्लास्टर घालायचं, मग उंच टाचेचा बूट आणि व्यायाम. नस आपली आपण जुळते. नाहीतर ऑपरेशन करून टोकं शिवायची. त्यात नस पुन्हा तुटायची भीती जरा कमी आणि रेटा थोडा बरा येण्याची शक्यता, पण तिथली कातडी पातळ, जखम चिघळू शकते. दोन्ही वाटा चांगल्या, अजून उशीर झालेला नाही. पुढं या पायानं काय करायचंय, त्यावर ठरवा.

"काही नाही," कृष्णराज लगेच म्हणाला. "घरातल्या घरात चालली तरी बास. प्लास्टरच घाला."

महारुद्रांनी मान डोलावली आणि विचारलं, कशानं ती लवकर चुलीपुढं उभी राहील? दोन्हींत महिनोन्महिने जपावं लागेल, डॉक्टर म्हणाल्या. महारुद्रांचा चेहरा पडला.

तीस वर्षं या पायानं सारजाबाईंनी रानं तुडवली, घर उभं केलं, आणि पोटचं पोर म्हणत होतं, काही नाही. त्या कोपर टेकवून उठून बसल्या.

"डॉक्टरबाई, म्या न्हाणीत पडले न्हाय. झोका चढवताना तुटलं. आन् मला पुन्हा झोका चढवायचाय."

महारुद्र पुटपुटले, लोक हसतील.

"हसू द्या की. पाय माझा तुटलाय, लोकांचा न्हाय."

डॉक्टरांनी जखमेचा धोका पुन्हा सांगितला, साखरेचं विचारलं, पहिल्यासारखा पाय होईलच अशी हमी कुणी देत नाही हेही बजावलं. सारजाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. न शिवताही झोका चढवता येईल का, हे त्यांनी विचारलं. येईलही, डॉक्टर म्हणाल्या, खात्री कशाचीच नाही. मग शिवाच, सारजाबाई म्हणाल्या. घरी जाऊन विचार करू, असं कृष्णराज बोलू लागला.

"इचार झालाय. घरी जाऊन तू पीठ मळायला शीक."

डॉक्टर तपासण्यांचं सांगायला बाहेर गेल्या, कृष्णराज तोंड पाडून त्यांच्यामागं गेला. खोलीत दोघंच उरली. महारुद्र खुर्ची ओढून त्या सुजलेल्या पावलापाशी बसले. आता हे रागावणार, असं सारजाबाईंना वाटलं, आणि त्यांनी उत्तर तयारच ठेवलं होतं.

"झोका किती वर गेला हुता?" महारुद्रांनी हळूच विचारलं.

"शेंड्याची पानं लागली पायाला."

"खरं?"

"व्हय. अजून वर गेला असता," सारजाबाई म्हणाल्या. "तेवढ्यात तुटलं."